बटन संध्याकाळी दाबलं, कॉक सकाळी सहाला बंद झाला (कर्नलच्या टाइमरचा आणि रिकाम्या फेऱ्याचा घोळ)

अंबडचा_बारका | २७ डिसेंबर, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

अंबड तालुक्यात आमची मोसंबी आहे. मी नोकरीपायी छत्रपती संभाजीनगरला, शेतावर वडील. ठिबकचे कॉक चालवायला मी एक डबा बनवलाय. आत एसटीएम३२एफ१०३ ह्या चिपची ब्लू पिल पाटी, लॅचिंग सॉलेनॉइड (एक झटका दिला की कॉक उघडतं किंवा बंद करतं आणि तसंच राहतं), लहान सोलर पॅनल आणि बॅटरी. त्यावरचा कर्नलही (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा मूळ प्रोग्राम) माझाच, हौसेनं लिहिलेला. कामांची एक रांग, टाइमरची एक यादी, इंटरप्ट (काही घडलं की प्रोसेसरला जाणारी हाक), आणि काम नसलं की प्रोसेसरला झोपवणारा रिकामा फेरा. बस.

उन्हाळा-पावसाळा डबा बिनतक्रार चालला. दिवाळीत बॅटरी वाचवायला म्हणून दर मिलिसेकंदाला वाजून प्रोसेसरला उठवणारा टिक काढून टाकला. आता पुढचं काम कधी आहे ते बघायचं, आरटीसीला (चिपमधल्या घड्याळाला) तेवढ्याचा अलार्म लावायचा आणि झोपायचं.

आता झालेला प्रकार. आंबे बहारासाठी बाग ताणावर आहे (फुलं यावीत म्हणून पाणी तोडलंय). वडलांनी परवा संध्याकाळी साडेपाचला नळ्या धुवायला मोसंबीचा कॉक उघडला, तेवढ्यात लाईट गेली. त्यांनी बंद करायला परत बटन दाबलं आणि घरी आले. रात्री लाईट आली, ऑटो स्विचनं मोटार उचलली, आणि रातभर ताणावरच्या बागेला पाणी गेलं. एरवी सगळे कॉक बंद असले तर बायपासनं पाणी परत विहिरीत पडतं, म्हणून मोटारीची फिकीर नसते.

सकाळी वडील गेले तर माती चिंब आणि कॉक मात्र बंद! मी फोनवर त्यांनाच बोललो, की तुम्ही दाबलंच नसेल, सकाळी जाऊन दाबलं असेल. ते म्हणाले, "मी कामून खोटं बोलू?" मग शनिवारी जाऊन एसडी कार्डावरचा लॉग काढला. मोसंबीचा कॉक बंद झाल्याची नोंद बरोबर ०६:००:०० ची, कारण 'बटन'. सहाला कांद्याच्या पाण्याचा अलार्म असतो. तेव्हा डब्याजवळ कुणीच नव्हतं.

साडेपाचचं बटन सहाला कसं पोचलं?

---

लातूरकर_पक्का | २७ डिसेंबर, रात्री ११:३०

टिक परत लावा. विषय संपला. चालणारी मशीन उघडू नये असं आमचे मेस्त्री म्हणतात.

---

शून्यवेळ | २७ डिसेंबर, रात्री ११:५४

पहिलं म्हणजे निरोप हरवलेला नाही. हरवला असता तर कॉक सहालाही उघडाच राहिला असता. बटनाचं काम रांगेत पडून होतं आणि रांग बघणारा झोपला होता. कुणीतरी त्याला उठवलं तेव्हा त्यानं केलं.

घरी दहा-पंधरा वेळा बटन दाबून बघा आणि 'टक' आवाज मोजा. पहिल्यांदा दाबल्यावर काहीच नाही आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर लागोपाठ दोन टक, असं कधी होतं का ते सांगा.

---

कापूसकोंड्या | २८ डिसेंबर, सकाळी ७:४०

रिकाम्या फेऱ्यावर एवढी चर्चा! आमच्या गावच्या पारावर असे बरेच रिकामे फेरे बसलेले असतात, तेही हाक मारल्याशिवाय उठत नाहीत. (वाचतोय.)

---

अंबडचा_बारका | २८ डिसेंबर, दुपारी १:०५

शून्यवेळ, तुम्ही माणूस आहात का काय? अगदी तेच. दहातून साधारण तीनदा पहिलं दाबणं मुकं जातं आणि दुसऱ्याला टक-टक. म्हणजे बंद होऊन लगेच परत उघडा. वडील म्हणतात, "मी तिसऱ्यांदा दाबतो मग होतंय." त्यांनी ही सवय लावून घेतली होती, मला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी लाईट नव्हती, पाण्याचा आवाज नाही, म्हणून एकदा दाबून निघाले.

फेरा असा आहे (कोडचं सार मराठीतच लिहितो; डब्ल्यूएफआय म्हणजे 'इंटरप्ट येईपर्यंत झोप' ही प्रोसेसरची सूचना):

रांगेत काम आहे? तर कर आणि वर जा.
नसेल, तर पुढच्या टाइमरची वेळ काढ.
लॉगात 'झोपतोय' आणि वेळ लिही.
आरटीसीचा अलार्म लाव.
डब्ल्यूएफआय.
वर जा.

अजून एक गंमत. लॉगची ओळ काढली की बग जातो! पन्नास वेळा दाबून बघितलं, एकदाही चुकला नाही. मग ओळ काढूनच टाकू का?

---

शून्यवेळ | २८ डिसेंबर, रात्री ९:२०

बिलकुल काढू नका, निदान आजच नको. त्या ओळीनंच चोर दाखवलाय.

लॉग किती बॉडवर (सेकंदाला किती बिट)? ९६०० असणार. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. तुमची ओळ वीस-एकवीस अक्षरांची धरली तर ती लिहायला साधारण २२ मिलिसेकंद. आणि बटनाची थरथर (दाबल्यावर संपर्क क्षणभर जुळतो-तुटतो ती) गाळायला किती वेळ ठेवलाय?

---

अंबडचा_बारका | २८ डिसेंबर, रात्री ९:२६

९६०० च. थरथरीला २० मिलिसेकंद. पहिली कडा (पिनवरचा व्होल्टेजचा बदल) आली की हार्डवेअर टाइमर सुरू, मध्ये परत कडा आली की परत शून्यापासून. २० पूर्ण झाले की त्याचा इंटरप्ट पिन बघून 'बटन' हे काम रांगेत टाकतो.

...अरे देवा.

---

शून्यवेळ | २८ डिसेंबर, रात्री ९:५१

हां. तुम्हाला कळलं, बाकीच्यांसाठी लिहितो.

बोट टेकलं, पहिल्या कडेनं प्रोसेसर उठला. रांग बघितली, रिकामी. कारण काम २० मिलिसेकंदांनी येणार आहे. मग तो २२ मिलिसेकंद लॉग लिहीत बसला. विसाव्याला इंटरप्ट आला, काम रांगेत टाकून गेला. पण फेऱ्यानं रांग आधीच बघून ठेवलीय! तो परत बघत नाही, सरळ डब्ल्यूएफआय. इंटरप्ट येऊन गेलेला असल्यामुळे आता उठवणारं कुणी नाही. पुढचा अलार्म सहाचा.

बटन जास्त थरथरलं आणि २० मिलिसेकंद २२ च्या पुढं सरकले, तर इंटरप्ट झोपेत येतो, उठवतो, सगळं ठीक. म्हणजे तुमचं जुनं खडखडीत बटन तुम्हाला वाचवत होतं. नवं कोरं बटन लावलं असतं तर दहातून तीन नाही, सात-आठ वेळा फसलं असतं.

आणि टिक असताना काय व्हायचं? हेच व्हायचं. बग पहिल्या दिवसापासून आहे. फक्त मिलिसेकंदाच्या आत टिक येऊन फेऱ्याला उठवायचा, तो रांग बघायचा आणि काम व्हायचं. एका मिलिसेकंदाचा उशीर कुणाला कळणार? तुम्ही दिवाळीत बग घातला नाही, त्याच्यावरची गोधडी काढली.

---

सायली_नांदेड | २८ डिसेंबर, रात्री १०:३५

एक शंका. बटन सोडतानाही कडा येतेच ना? मग तिनं जाग यायला हवी.

---

अंबडचा_बारका | २८ डिसेंबर, रात्री १०:४८

ताई, इंटरप्ट फक्त दाबतानाच्या कडेवर ठेवलाय. पण सोडताना बटन थरथरलं तर तसली एखादी कडा निघते आणि तो उठतो. म्हणूनच कधीकधी बोट उचलल्यावर टक व्हायचं. मला वाटायचं सॉलेनॉइड आळशी आहे.

---

जागल्या | २९ डिसेंबर, सकाळी ६:१५

आमच्या भाषेत सांगतो. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही मळ्यात जागलीला जातो. गडी माचणावर चढला, कान देऊन ऐकलं, कुठं काही नाही. मग घोंगडी झटकली, अंथरली, उशाला पिशवी घेतली. त्या खडखडीत खाली कुत्रं एकदा भुंकलं. गडी म्हणतो, मी तर आत्ताच ऐकलं होतं, काही नव्हतं. झोपला. कुत्रं काही परत भुंकत नाही, त्याचं काम झालं. डुकरं सकाळपर्यंत रानात.

इलाज काय, तर आधी घोंगडी अंथरा आणि अगदी आडवं होताना कान द्या.

---

मायक्रोसेकंद | २९ डिसेंबर, सकाळी १०:०२

जागल्यांचा दृष्टांत झकास, पण अर्धाच इलाज झाला. कान दिल्यानंतर आणि डोळा लागण्याआधी एक क्षण उरतोच. कर्नलमध्ये तो दोन-चार सूचनांचा असतो. फट बारीक झाली, बुजली नाही.

बुजवायला हार्डवेअरची साथ लागते. कॉर्टेक्स-एमवर (तुमच्या चिपमधल्या प्रोसेसरवर) ती आहे. प्राइमास्क ह्या रजिस्टरनं इंटरप्ट बंद करा, मग रांग बघा, रिकामी असेल तर इंटरप्ट बंद असतानाच डब्ल्यूएफआय करा, उठल्यावर इंटरप्ट चालू करा. ऐकायला उलटं वाटतं: इंटरप्ट बंद करून झोपलो तर उठणार कसा? पण प्राइमास्क लावलेला असला तरी इंटरप्ट येऊन थांबलेला असेल तर डब्ल्यूएफआय उठतो, किंवा झोपतच नाही. हँडलर (इंटरप्टचं काम करणारा कोड) तेवढा मास्क काढल्यावर चालतो. फट शिल्लकच राहत नाही.

इशारा: हे बेसप्रायनं (ठरावीक प्राधान्याचे आणि त्याखालचेच इंटरप्ट अडवणाऱ्या रजिस्टरनं) करू नका. बेसप्रायनं अडवलेला इंटरप्ट डब्ल्यूएफआयला उठवत नाही. फ्रीआरटीओएस ह्या तयार कर्नलचा कॉर्टेक्स-एम३ वरचा क्रिटिकल सेक्शन (मध्ये इंटरप्ट घुसू नये असा कोडचा भाग) बेसप्रायवर चालतो, पण त्यांच्या टिकलेस झोपेच्या कोडमध्ये मुद्दाम तो न वापरता सरळ प्राइमास्क वापरलाय, ते ह्याचसाठी.

एक्स८६ वर (पीसीच्या प्रोसेसरांवर) वेगळी युक्ती. तिथं इंटरप्ट बंद असताना एचएलटी (तिथली झोपेची सूचना) केलं तर साध्या इंटरप्टनं उठतच नाही. म्हणून एसटीआय आणि लगेच पुढं एचएलटी. एसटीआयनं इंटरप्ट उघडतात, पण पुढची एक सूचना होईपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही. त्यामुळे प्रोसेसर एचएलटीवर पोचल्यावरच इंटरप्ट येतो आणि उठवतो. दोघांच्या मध्ये एक रिकामी सूचना जरी घुसवली तरी खेळ खलास.

---

कन्नडघाट | २९ डिसेंबर, सकाळी ११:३०

डब्ल्यूएफआयच्या जागी डब्ल्यूएफई (इव्हेंट येईपर्यंत झोप) वापरलं तरी चालेल ना? इंटरप्ट हँडलर चालून गेला की इव्हेंट रजिस्टरमध्ये खूण लागते, मग पुढचं डब्ल्यूएफई न झोपता परत येतं. मास्कची भानगडच नको.

---

मायक्रोसेकंद | २९ डिसेंबर, सकाळी ११:४१

चालेल. एखादा फेरा फुकट जाईल एवढंच. पण अलार्म लावताना इंटरप्ट बंद असलेले बरे, म्हणून मी मास्कच पसंत करतो.

---

सायली_नांदेड | २९ डिसेंबर, दुपारी ३:१८

आम्ही मुलांना एक्सव्ही६ (शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) शिकवतो. त्याच्या शेड्यूलरला (पुढची प्रक्रिया निवडणाऱ्या भागाला) पूर्वी झोप माहीतच नव्हती. चालवायला प्रक्रिया नसली तरी यादीभोवती गरगर फिरत राहायचा, आणि क्यूईएमयूत (नकली मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवलं की लॅबमधल्या सगळ्या लॅपटॉपचे पंखे एकदम ओरडायचे. एप्रिलमध्ये नांदेडला ४० च्या वर पारा आणि त्यात चाळीस पंखे, विचार करा.

आता त्याच्या रिस्क-व्ही प्रोसेसरच्या आवृत्तीत काही सापडलं नाही की डब्ल्यूएफआय करतात. त्यातही शेड्यूलरच्या फेऱ्याच्या सुरुवातीला इंटरप्ट चालू करून लगेच पुढच्या ओळीत बंद केलेले दिसतात. मुलं दरवर्षी विचारतात, मॅडम, हे काय, चालू करून लगेच बंद? चालू करायचे कारण सगळ्याच प्रक्रिया कशाची तरी वाट बघत असतील तर इंटरप्ट आल्याशिवाय गाडा हलणार नाही. बंद करायचे कारण वर मायक्रोसेकंद यांनी सांगितलं तेच. ह्या वर्षी मोसंबीची गोष्ट सांगेन.

---

लातूरकर_पक्का | २९ डिसेंबर, रात्री ८:००

एवढं सगळं वाचलं. अजून माझं तेच, टिक परत लावा. एका टिकानं बॅटरी किती खाल्ली असती? कॉकवाल्या डब्याला लिनक्सची सोंगं कशाला?

---

शून्यवेळ | २९ डिसेंबर, रात्री ८:४४

लातूरकर, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घाईत असतो तर मीही हिवाळ्यापुरता टिक लावला असता. पण मग तो टिक हे औषध आहे हे कोडमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढची दिवाळी आहेच.

लिनक्स तरी ह्यातून सुटलं होतं का? २.४ मध्ये पीसीवर सेकंदाला १०० टिक, २.६ मध्ये १०००, मग २००५ मध्ये २.६.१३ ला २५० वर तडजोड, आणि २००७ मध्ये २.६.२१ ला रिकामं असताना टिकच बंद. तिथंही टिक गेल्यावर झाकलेलं बरंच काही बाहेर आलं. जुन्या प्रोसेसरांत तर सी३ ह्या गाढ झोपेत प्रोसेसरमधला लोकल एपिक टाइमरच थांबायचा. म्हणजे ज्याला उठवायला सांगितलं तोच झोपला! मग बाहेरच्या एचपीईटी नाहीतर पीआयटी टाइमरकडून सगळ्यांना उठवायची सोय करावी लागली.

बारका, उद्या तुम्ही जास्त बचतीसाठी स्टॉप मोडकडे (आणखी गाढ झोपेकडे) वळाल, तेव्हा हे आठवा. त्यात तुमचा २० मिलिसेकंदांचा टाइमरही थांबेल. शिवाय स्टॉपमधून उठल्यावर घड्याळ ८ मेगाहर्ट्झच्या आतल्या ऑसिलेटरवर येतं, ते परत नीट लावलं नाही तर लॉगात कचरा दिसेल.

---

कन्नडघाट | २९ डिसेंबर, रात्री ९:१०

अवांतर: ३० जून २०१२ चा लीप सेकंद (घड्याळात घातलेला जादा सेकंद) आठवतो का कुणाला? आपल्याकडं १ जुलैची पहाट, साडेपाच. मी तेव्हा सर्व्हर सांभाळायचो. जावा आणि मायएसक्यूएलवाल्या मशिनी एकदम शंभर टक्क्यांवर. घड्याळ एक सेकंद मागं आलं, पण लिनक्सच्या हाय रिझोल्यूशन टाइमरांना ते कुणी कळवलंच नाही, मग कमी वेळाच्या झोपा लागायच्या आधीच संपायला लागल्या. उपाय काय, तर आहे तीच तारीख-वेळ परत सेट करायची! तेवढं केलं की मशीन शांत. रविवार होता, चहासुद्धा मिळाला नाही.

---

अंबडचा_बारका | ३० डिसेंबर, रात्री १०:२२

फेरा बदलला. लॉग वर नेला, मग प्राइमास्क, मग रांग, अलार्म, डब्ल्यूएफआय, मास्क काढणे. दोनशे वेळा दाबलं, बोट दुखलं, एकदाही मुका नाही. मुद्दाम लॉगची ओळ लांब-आखूड करूनही बघितलं.

वडलांना सांगितलं की चूक माझ्या डब्याची होती. ते म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?"

---

अंबडचा_बारका | ९ जानेवारी, सकाळी ९:३०

मंडळी, धागा परत वर काढतो. नवीन भानगड.

आज सकाळी सहाला कांद्याला पाणीच नाही. डबा जिवंत. साडेसातला वडलांनी मोसंबीचं बटन दाबलं तर आधी कांद्याचा कॉक आपोआप उघडला, मग मोसंबीचा. वडील दचकले. सहाला दोन कामं असतात: ६:००:०० ला एक कॉक बंद, ६:००:०१ ला दुसरा उघडा. दोन्ही सॉलेनॉइडचा झटका बॅटरीवर एकदम नको म्हणून एक सेकंदाचं अंतर. पहिलं झालं, दुसरं नाही.

---

मायक्रोसेकंद | ९ जानेवारी, सकाळी १०:१५

आज थंडी होती का?

---

अंबडचा_बारका | ९ जानेवारी, सकाळी १०:२०

कडाक्याची. का?

---

मायक्रोसेकंद | ९ जानेवारी, सकाळी १०:५८

लॅचिंग सॉलेनॉइडला झटका द्यायला तुम्ही कपॅसिटर भरत असाल. थंडीत बॅटरी मरगळते, कपॅसिटर भरायला सेकंदाच्या वर लागला असेल. पहिलं काम उरकेपर्यंत ६:००:०२ वाजले आणि मग तुम्ही ६:००:०१ चा अलार्म लावलात.

एफ१०३ चा आरटीसी साधा ३२ बिटांचा काउंटर आहे आणि अलार्म वाजतो तो आकडे तंतोतंत जुळले तरच. 'जुळले किंवा पुढे गेले' असं तो बघत नाही. गेलेल्या वेळेचा अलार्म लावला तर काउंटर पूर्ण फिरून यावा लागतो. सेकंदाला एक मोजत असेल तर साधारण १३६ वर्षं. वडलांच्या बटनानं प्रोसेसर उठला, तेव्हा फेऱ्याला यादीत वेळ टळून गेलेलं काम दिसलं.

मोठ्या मशिनींतही हेच. पीसीतला एचपीईटी टाइमर तंतोतंत जुळणीवरच चालतो. १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा ३२ बिटी काउंटर फिरून यायला ३०० सेकंद. मशीन मध्येच पाच मिनिटं गोठून आपोआप चालू झालं तर मी आधी तिथं बघतो.

इलाज: अलार्म लिहा, लिहून पूर्ण होऊ द्या (एफ१०३ वर आरटीसीच्या लिहिण्याला त्याच्या घड्याळाचे किमान तीन ठोके जातात), मग काउंटर परत वाचा. वेळ आली किंवा गेली असेल तर झोपू नका, काम लगेच करा.

आणि हे 'आली किंवा गेली' तपासताना दोन आकडे सरळ मोठा-लहान करून बघू नका. वजाबाकी करा आणि ती चिन्हासह (अधिक का उणे) वाचा. तुमच्याकडं मिलिसेकंदाचा ३२ बिटी काउंटर कुठं ना कुठं असेलच, तो ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. विंडोज ९५ ह्याच आकड्यावर लटकायचं. लिनक्समध्ये जिफीज (टिकांची मोजणी) शून्यापासून सुरू न करता फिरून येण्याच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू करतात, म्हणजे असली चूक दीड महिन्यानं मळ्यात न सापडता बसल्या जागी सापडते.

---

अंबडचा_बारका | ९ जानेवारी, रात्री ११:४०

केलं. काउंटर पाच मिनिटं आधीपासून सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला बरोबर एक जागा फुटली: पंप-विश्रांतीचा टाइमर सरळ मोठा-लहान करत होता. तो अजून कुणाला दिसलाच नव्हता.

---

लातूरकर_पक्का | १० जानेवारी, सकाळी ८:०५

बरं बाबा, हरलो. पण आमच्या बोअरच्या स्टार्टरला असला डबा लावायचा असेल तर किती घेशील?

---

जागल्या | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१०

बारका, बहाराचं काय झालं ते सांग की. ताण मोडला होता ना त्या रात्री?

---

अंबडचा_बारका | २३ फेब्रुवारी, रात्री १०:०३

काका, विहिरीकडच्या सहा ओळींत पाणी जास्त मुरलं होतं. तिथं फुलं कमी, पालवीच जास्त. बाकीची बाग चांगली फुललीय. डबा अजून चुकलेला नाही. वडील मात्र बटन दाबून टक ऐकू येईपर्यंत तिथंच उभे राहतात.